केनेडी वाचला असता तर? सिव्हिल राइट्सच्या कायद्याचा जर-तरचा हिशोब

जर-तरचा खेळ आपल्या लोकांना भारी आवडतो. थोरले माधवराव 27व्या वर्षी गेले नसते तर, हा विषय जेवणानंतर निघाला की बारा कधी वाजले कळत नाही, मग कुणीतरी वैतागून आत्याबाईला मिशा असत्या तर असं म्हणतं आणि मंडळी झोपायला जातात. अमेरिकेत असाच एक न संपणारा विषय आहे, 22 नोव्हेंबर 1963 ला डलासमध्ये जॉन केनेडीला गोळी लागलीच नसती तर? त्यात व्हिएतनाम येतं, क्युबा येतं, सगळं येतं. पण मला विचाराल तर यातला सिव्हिल राइट्सचा, म्हणजे काळ्या लोकांच्या समान हक्कांच्या कायद्याचा भाग सगळ्यात मजेदार आहे, कारण तिथे नुसत्या हवेत गप्पा माराव्या लागत नाहीत, मतं किती होती, बिल कुठल्या कमिटीत पडलं होतं, कुणी कुणाला काय शब्द दिला होता हे सगळं नोंदलेलं आहे. म्हणजे एकच गोष्ट बदलायची, गोळी चुकली, आणि बाकी सगळं होतं तसं ठेवून बघायचं की गाडी कुठे जाते.

याची दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. एक भक्तांचं: केनेडी देवमाणूस, तो असता तर सगळं अजून चांगलं झालं असतं. दुसरं त्याच्या बरोब्बर उलटं: केनेडी नुसता बोलायला गोड, कायदा केला तो त्याच्या जागी आलेल्या लिंडन जॉन्सननं, केनेडी जगला असता तर कायदाच झाला नसता. मला दोन्ही अर्धवट वाटतात. माझं मत सांगतो आणि मग ते का ते बघू: कायदा झाला असता, पण उशिरा, आणि तो उशीरच महागात पडला असता.

आधी थोडी पार्श्वभूमी, ज्यांना माहीत आहे त्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये तेव्हा काळ्यांसाठी वेगळ्या शाळा, वेगळे नळ, हॉटेलात प्रवेश नाही, सिनेमाला वरच्या बाल्कनीत बसायचं, आणि मतदानाला गेलं तर लिहिता-वाचता येण्याची परीक्षा, ज्यात पास करायचं की नापास हे समोर बसलेला गोरा क्लार्क ठरवणार. मिसिसिपीत 1965 च्या आधी काळ्या प्रौढ लोकांपैकी जेमतेम 6.7 टक्के लोकांची मतदार म्हणून नोंद होती. आणि हे सगळं टिकवून ठेवणारे दक्षिणेतले खासदार कुठल्या पार्टीचे? केनेडीच्याच, डेमोक्रॅटिक पार्टीचे. आजच्या अमेरिकेची सवय असलेल्याला हे पटत नाही, पण यादवी युद्धापासून दक्षिण म्हणजे डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला. 1960 च्या निवडणुकीत केनेडीला त्याच्या स्वतःच्या मॅसॅच्युसेट्समध्ये 60 टक्के मतं पडली आणि जॉर्जियात 62 टक्क्यांच्या वर! अख्ख्या देशात तो जिंकला ते साधारण सव्वा लाखापेक्षाही कमी मतांच्या फरकानं. मग असा माणूस दक्षिणेला दुखवायला घाबरणार नाही तर काय करणार.

आणि तो घाबरलाच. प्रचारात म्हणाला होता की सरकारी मदतीच्या घरांमधला भेदभाव प्रेसिडेंट पेनाच्या एका फटकाऱ्यानं संपवू शकतो, आणि निवडून आल्यावर दोन वर्षं पेन काही उचललं नाही, लोकांनी चिडून व्हाइट हाउसला पेनं पाठवली, तेव्हा कुठे नोव्हेंबर 1962 मध्ये सही झाली, तीपण मिडटर्म, म्हणजे प्रेसिडेंटच्या मुदतीच्या मध्यावर येणाऱ्या काँग्रेसच्या निवडणुका उरकल्यावर. मिसिसिपीत फेडरल जज म्हणून नेमला तो हॅरल्ड कॉक्स, कट्टर वर्णभेदवाला, का तर तो सिनेटर जेम्स ईस्टलंडचा कॉलेजातला दोस्त आणि ईस्टलंड हा सिनेटच्या ज्युडिशियरी, म्हणजे न्यायविषयक कमिटीचा चेअरमन. म्हणजे भक्तांच्या केनेडीत आणि 1961-62 च्या केनेडीत बराच फरक आहे.

बदल झाला तो 1963 मध्ये, आणि तो त्याच्या मनातून नाही, रस्त्यावरून आला. एप्रिल-मेमध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये मार्टिन लूथर किंग यांचं आंदोलन, शाळकरी पोरांवर शहराच्या पोलिसांचा प्रमुख बुल कॉनर याच्या माणसांनी सोडलेली कुत्री आणि आगीच्या बंबाच्या पाण्याचे मारे, हे फोटो जगभर गेले. 11 जूनला अलाबामाचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस युनिव्हर्सिटीच्या दारात आडवा उभा राहिला की काळ्या विद्यार्थ्यांना आत सोडणार नाही, आणि त्याच रात्री केनेडी टीव्हीवर आला आणि पहिल्यांदाच सरळ बोलला की हा नैतिकतेचा प्रश्न आहे. भाषण संपून काही तास होतात तोवर मिसिसिपीत मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याला त्याच्या घरासमोर गोळी घालून मारलं. 19 जूनला केनेडीनं या भेदभावाविरुद्धचं बिल काँग्रेसला पाठवलं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता बिल पाठवलं म्हणजे कायदा झाला असं नसतं, आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते. अमेरिकन काँग्रेस म्हणजे दोन सभागृहं, खालचं हाउस आणि वरचं सिनेट, आणि तिथे तेव्हा अशा बिलाच्या वाटेवर एकामागून एक कुलपं होती आणि बहुतेक कुलपांच्या किल्ल्या दक्षिणेतल्या म्हाताऱ्या डेमोक्रॅटांकडे, कारण चेअरमनपद सिनियॉरिटीनं मिळायचं आणि दक्षिणेत एकदा निवडून आलेला माणूस मरेपर्यंत निवडून यायचा. पहिलं दार हाउसची ज्युडिशियरी कमिटी, तिथे सुदैवानं चेअरमन होता ब्रुकलिनचा इमॅन्युएल सेलर, पक्का लिबरल. दुसरं दार हाउसचीच रूल्स कमिटी. कुठलं बिल सभागृहात कधी येणार, त्यावर किती चर्चा होणार हे ती कमिटी ठरवायची, आणि तिचा चेअरमन होता व्हर्जिनियाचा हॉवर्ड स्मिथ. हा इसम नको ते बिल आलं की मीटिंगच बोलवायचा नाही. 1957 ला म्हणे शेतावरचं धान्याचं कोठार जळालं म्हणून गावी निघून गेला आणि कमिटी बसलीच नाही! टाकीत पाणी आहे, पाइप टाकलेत, पण पाणी सोडणारा माणूस चावी खिशात घालून शेतावर गेलाय, आपल्याकडे गावागावात बघायला मिळतो तो प्रकार.

त्यातून पार पडलं की सिनेट. तिथे ज्युडिशियरी कमिटी म्हणजे वर सांगितलेला ईस्टलंड, सिव्हिल राइट्स बिलांचं कब्रस्तान. आणि सगळ्यात शेवटी फिलिबस्टर. सिनेटमध्ये एकदा माणूस बोलायला उभा राहिला की त्याला थांबवता येत नाही, तो विषयावर बोलतोय की नाही यालाही फारसा अर्थ नाही, 1957 मध्ये स्ट्रॉम थर्मंड 24 तास 18 मिनिटं बोलला होता. एकानं थांबायचं, दुसऱ्यानं सुरू करायचं, मतदान होऊच द्यायचं नाही. हे तोडायला क्लोचर नावाचा ठराव लागायचा आणि त्याला तेव्हा दोन तृतीयांश मतं, म्हणजे सगळे हजर असतील तर 100 पैकी 67. सिव्हिल राइट्सच्या बिलावर सिनेटच्या इतिहासात एकदाही क्लोचर पास झाला नव्हता. डेमोक्रॅट होते 67, पण त्यातले वीसेक दक्षिणवाले शत्रूच, म्हणजे वीस-पंचवीस रिपब्लिकन आणल्याशिवाय गणित जमत नाही. हा आकडा सगळ्या जर-तरचा गाभा आहे. प्रेसिडेंट कुणी का असेना, चावी होती रिपब्लिकन सिनेटरांकडे, आणि त्यांचा नेता इलिनॉयचा एव्हरेट डर्कसन.

मग 22 नोव्हेंबरला बिल नक्की कुठे होतं? 29 ऑक्टोबरला सेलरच्या कमिटीनं ते 20 विरुद्ध 14 नं पास केलं होतं आणि गोळी लागायच्या दोनच दिवस आधी ते रीतसर बाहेर पडून स्मिथच्या दाराशी आलं होतं. आणि हे पास होण्यामागची कहाणी भारी आहे. ओहायोच्या पिक्वा नावाच्या छोट्या गावचा विल्यम मॅकलक, रिपब्लिकन, त्याच्या मतदारसंघात काळे मतदार नगण्य, म्हणजे या बिलातून त्याला मतांचा काडीचा फायदा नाही, पण माणसाला पटलं होतं. जुलैमध्ये केनेडीच्या न्याय खात्याचा माणूस त्याला भेटायला गावी गेला आणि सौदा झाला: मी रिपब्लिकन मतं आणतो, पण अट ही की सिनेटमध्ये गेल्यावर तुम्ही बिल पातळ करायचं नाही, आणि श्रेय आम्हालापण द्यायचं. कारण 1957 आणि 1960 ला असंच झालं होतं, हाउसवाल्यांनी घरी शिव्या खाऊन कडक बिल पास करायचं आणि सिनेटमध्ये त्यातलं सत्त्व काढून टाकायचं, आणि ते काढण्यात पुढे कोण, तर तेव्हाचा सिनेटमधला डेमोक्रॅटांचा नेता लिंडन जॉन्सन! मॅकलकला ते चांगलं लक्षात होतं. ऑक्टोबरमध्ये केनेडीनं हाउसमधला रिपब्लिकन नेता चार्ल्स हॅलेक यालाही व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं आणि तोपण तयार झाला.

म्हणून केनेडी असता तर बिल हाउसमध्येच मेलं असतं हे म्हणणं मला पटत नाही. प्रत्यक्षात काय झालं, जॉन्सननं 27 नोव्हेंबरला काँग्रेससमोर भाषण केलं की केनेडीचं स्मारक करायचं तर हे बिल लवकरात लवकर पास करा, मग डिस्चार्ज पिटिशनची धमकी, म्हणजे 218 सह्या गोळा केल्या तर कमिटीला बाजूला सारून बिल सभागृहात आणता येतं, आणि शेवटी 30 जानेवारी 1964 ला रूल्स कमिटीनं 11 विरुद्ध 4 नं बिल सोडलं. पण स्मिथला वाकवलं कुणी? त्याच्याच कमिटीतल्या रिपब्लिकनांनी, म्हणजे मॅकलक-हॅलेकच्या लोकांनी. ते केनेडी असतानाही तिथेच बसलेले होते. 10 फेब्रुवारीला हाउसनं बिल 290 विरुद्ध 130 नं पास केलं, केनेडी असता तर मार्च-एप्रिल झाला असता, मतं थोडी कमी पडली असती, पण झालं असतं.

जाता जाता एक किस्सा, कारण तो सोडवत नाही. या चर्चेत 8 फेब्रुवारीला त्याच स्मिथनं दुरुस्ती आणली की नोकरीतल्या भेदभावाच्या कलमात वंश, रंग, धर्म यांच्याबरोबर स्त्री-पुरुष भेदही घाला. बऱ्याच जणांना वाटलं म्हातारा चेष्टा करतोय, बिल बुडवायला बघतोय, पण मार्था ग्रिफिथ्स आणि बाकीच्या महिला खासदारांनी ती दुरुस्ती उचलून धरली आणि 168 विरुद्ध 133 नं पास करून घेतली. अमेरिकेतल्या बायकांचा नोकरीतला समान हक्क असा आला. आता केनेडीच्या जगात ही दुरुस्ती आली असती का? स्मिथ तोच, ग्रिफिथ्स तीच, त्यामुळं बहुतेक हो. पण अशा गोष्टी एका दुपारच्या मूडवर ठरतात, त्यावर मी पैज लावणार नाही.

खरा घोळ सिनेटमध्ये झाला असता, आणि जॉन्सनला श्रेय द्यायचं तर ते इथे द्यायचं, पण लोक देतात त्या कारणासाठी नाही. लोकांच्या डोक्यात जॉन्सनचं चित्र म्हणजे सहा फूट तीन इंचाचा माणूस समोरच्याच्या अंगावर वाकून, कोट धरून, धमकावून मत काढतोय. ते त्यानं आयुष्यभर केलं, पण 1964 च्या सिनेटमध्ये रोजचं काम त्यानं केलंच नाही, ते केलं ह्युबर्ट हम्फ्री आणि माइक मॅन्सफील्ड या डेमोक्रॅट सिनेटरांनी, आणि डर्कसनशी वाटाघाटी केल्या केनेडीचा भाऊ रॉबर्ट याच्या न्याय खात्यातल्या लोकांनी, म्हणजे निकोलस कॅटझेनबाख वगैरे. हे सगळे केनेडी जिवंत असता तर तिथेच असते. जॉन्सनची खरी करामत वेगळी होती आणि ती तशी कंटाळवाणी आहे म्हणून कुणी सांगत नाही: टॅक्सचं बिल.

झालं असं की केनेडीचं आयकर कमी करण्याचं मोठं बिलही तेव्हा सिनेटच्या फायनान्स कमिटीत अडकलं होतं, चेअरमन परत व्हर्जिनियाचा, हॅरी बर्ड. दक्षिणवाल्यांची जुनी चाल ही होती की सिव्हिल राइट्सचं बिल सिनेटमध्ये आलं की फिलिबस्टर सुरू करायचं, सगळं कामकाज ठप्प, मग प्रेसिडेंटला हवी असलेली बाकीची बिलं आणि सरकारी खर्चाची बिलंपण अडकतात, आठवडे जातात, दबाव वाढतो आणि शेवटी प्रेसिडेंटच म्हणतो की जाऊ दे, ते सिव्हिल राइट्स मागे घ्या, बाकीचं तरी होऊ दे. म्हणजे ओलीस ठेवायचं. जॉन्सन त्याच गल्लीत वाढलेला, त्यानं ओळखलं की आधी ओलीस सोडवायचे. बर्डला बजेट 100 अब्ज डॉलरच्या आत हवं होतं, यानं काटछाट करून ते 98 अब्जाच्या आत बसवलं, बर्ड खूश, आणि 26 फेब्रुवारी 1964 ला टॅक्स बिलावर सही झाली. मग मार्चमध्ये सिनेटमध्ये सिव्हिल राइट्स आलं तेव्हा ओलीस धरायला काहीच शिल्लक नव्हतं, बोला किती बोलायचं ते.

आणि हेच सगळं जॉन्सननं केनेडीच्या लोकांना आधीच सांगितलं होतं! 3 जून 1963 ला, बिल पाठवायच्या आधी, केनेडीचा सल्लागार टेड सोरेन्सन याच्याशी फोनवर तो बराच वेळ बोललाय, त्याचं रेकॉर्डिंग आहे, की आधी टॅक्स आणि बाकीचं उरका, मग हे पाठवा, नाहीतर ते लोक सगळंच अडकवतील. ऐकलं नाही. व्हाइस प्रेसिडेंट म्हणून जॉन्सनला तिथे फारसं कुणी विचारत नव्हतं, त्यात केनेडी वाचला असता तर बॉबी बेकर नावाच्या त्याच्या जुन्या चेल्याच्या भ्रष्टाचाराची चौकशी त्याच्या दारापर्यंत आलेलीच होती. त्यामुळं गोळी चुकलेल्या जगात डिसेंबरमध्ये तरी त्यांनी हा सल्ला ऐकला असता असं मला वाटत नाही.

मग काय झालं असतं बघा. प्रत्यक्षात सिनेटमध्ये 60 च्या आसपास दिवस चर्चा चालली, 10 जून 1964 ला सकाळी वेस्ट व्हर्जिनियाचा रॉबर्ट बर्ड 14 तासांचं भाषण संपवून खाली बसला आणि क्लोचरचं मतदान झालं. कॅलिफोर्नियाचा क्लेअर एंगल, मेंदूत ट्यूमर, बोलता येत नव्हतं, त्याला व्हीलचेअरवरून आणलं आणि त्यानं डोळ्याकडे बोट दाखवून होकार दिला. 71 विरुद्ध 29, त्यात 27 रिपब्लिकन. 19 जूनला, बिल पाठवल्यापासून बरोब्बर एक वर्षानं, 73 विरुद्ध 27 नं पास, आणि 2 जुलैला सही. आता हेच सगळं दोन-तीन महिने पुढे सरकवा. टॅक्सचं बिल अजून अडकलेलं, जुलैमध्ये रिपब्लिकन अधिवेशन, ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटांचं, सिनेटरांना प्रचाराला पळायचंय, डर्कसनला दिसतंय की आपला उमेदवार बॅरी गोल्डवॉटर या बिलाच्या विरोधात आहे. सप्टेंबरमध्ये कुणाला आपल्याच उमेदवाराच्या तोंडावर 27 मतं द्यायची हौस असेल? जूनमध्ये ते शक्य झालं, सप्टेंबरमध्ये अवघड.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे अमेरिकेत दोन वर्षांची काँग्रेस संपली की अडकलेलं बिल आपोआप मरतं. जानेवारी 1965 ला नवीन काँग्रेस, सगळं पहिल्यापासून, परत सेलर, परत स्मिथ, परत ईस्टलंड.

तडजोड करून पातळ बिल 64 मध्येच पास केलं असतं का? केनेडीचा स्वभाव बघता मोह झाला असता, ऑक्टोबरमध्ये लिबरल लोकांनी कमिटीत बिल कडक केलं तेव्हा ते सौम्य करा म्हणून त्याचेच लोक मागे लागले होते. डर्कसनला हॉटेल-रेस्टॉरंटवालं, म्हणजे तिथे काळ्यांना प्रवेश द्यायला लावणारं कलम सुरुवातीला अजिबात नको होतं, जॉन्सननं जाहीर करून टाकलं होतं की यात सौदा नाही, केनेडी तसं म्हणाला असता का शंका आहे. पण इथे मॅकलक आडवा येतो. सिनेटनं बदललेलं बिल परत हाउसमध्ये येतं आणि तिथे तो बसलाय, शब्द मोडला तर रिपब्लिकन मतं काढून घेणार. म्हणजे फार खाली जाता आलं नसतं. म्हणून माझा अंदाज असा की केनेडी नोव्हेंबर 1964 ला गोल्डवॉटरविरुद्ध निवडून येतो, बऱ्यापैकी फरकानं पण जॉन्सनसारखे 61 टक्के नाही, आणि कायदा होतो 1965 च्या उन्हाळ्यात कधीतरी. एका वर्षाचाच तर उशीर, त्यात काय एवढं, असं वाटेल.

पण ते एक वर्ष कुठलं होतं ते बघा. प्रत्यक्षात जुलै 1964 ला पहिला कायदा झाल्यामुळं आंदोलन पुढच्या प्रश्नाकडे, मतदानाकडे, मोकळेपणानं वळलं. 7 मार्च 1965 ला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मोर्चावर घोडेस्वार पोलीस आणि लाठ्या, आठ दिवसांनी जॉन्सनचं भाषण, 6 ऑगस्टला व्होटिंग राइट्स अ‍ॅक्टवर सही. माझ्या मते हा दुसरा कायदा पहिल्यापेक्षा मोठा, कारण मतदार नोंदणी करायला थेट फेडरल अधिकारी पाठवायची सोय त्यात होती आणि मिसिसिपीत दोनच वर्षांत काळ्यांची नोंद 6.7 वरून 60 टक्क्यांच्या जवळ गेली. या कायद्यालाही सिनेटमध्ये क्लोचर लागला आणि मिळाली 70 मतं, 67 लागत होती. तीन मतं जास्त, बस.

आणि हवा फिरत होती. खरं तर आधीच फिरायला लागली होती. 1964 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पार्टीचा उमेदवार निवडायच्या मतदानात, तोच वॉलेस उत्तरेतल्या विस्कॉन्सिनमध्ये 34 टक्के आणि मेरीलंडमध्ये 43 टक्के मतं घेऊन गेला. ज्या दिवशी जॉन्सन प्रचंड मतांनी जिंकला त्याच दिवशी कॅलिफोर्नियाच्या लोकांनी घर विकताना भेदभाव करू नका सांगणारा आपल्याच राज्याचा कायदा मोठ्या बहुमतानं रद्द करून टाकला, म्हणजे दक्षिणेतल्या हॉटेलात काळ्यांना जेवू द्या पण माझ्या शेजारी घर नको. (हे वाचून आपल्याकडच्या सोसायट्या आठवल्या तर तो तुमचा प्रश्न.) व्होटिंग राइट्सच्या सहीनंतर पाचच दिवसांनी लॉस एंजेलिसच्या वॉट्समध्ये दंगल, 34 मेले. 1966 मध्ये जॉन्सननं पुढचं बिल आणलं, घरांबद्दलचं, तर हाउसनं पास केलं आणि सिनेटमध्ये सप्टेंबरमध्ये क्लोचर दोनदा पडला, कारण या वेळी डर्कसननंच पाठ फिरवली. नोव्हेंबर 1966 ला रिपब्लिकनांनी हाउसमध्ये 47 जागा जास्त जिंकल्या. तोच जॉन्सन, तोच डर्कसन, तेच सिनेट, आणि दोन वर्षांत दार बंद. ते परत उघडलं मार्च 1968 मध्ये, आणि कायद्यावर सही झाली एप्रिलमध्ये, किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याभरात.

म्हणजे दार उघडं होतं साधारण 1964 च्या मध्यापासून 1965 च्या शेवटापर्यंत, आणि त्यात दोन कायदे एकामागे एक बसले. पहिला एक वर्ष सरकला तर दुसरा 1966 मध्ये जातो, जिथे क्लोचर पडत होता. सेल्मामधले लोक तर केनेडीच्या काळापासूनच मतदार नोंदणीसाठी रांगा लावत होते, ते काही थांबले नसते, पण त्यांच्या डोक्यावर लाठ्या पडल्या असत्या तेव्हा सिनेट अजून हॉटेलच्या कलमावर भांडत बसलेलं असतं. एक शक्यता अशीही आहे की 65 मध्ये दोन्ही विषय एकाच जाडजूड बिलात घातले असते, पण डर्कसनसारख्या माणसाला एक घास गिळवतानाच नाकी नऊ आले होते, दोन घास एकदम कसे गिळवणार.

त्यातून तरुण पोरांचा संताप अजून आधी पेटला असता असं मला वाटतं. कायदे होऊनही 1966 ला ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी निघालीच, जिच्या नावावरून पुढे 1972 ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, मग कायदेच झाले नसते तर काय झालं असतं याचा विचार करा. दुसरीकडे केनेडीनं व्हिएतनाममध्ये लाखो सैनिक पाठवले नसते तर तो पैसा आणि ती मतं आतल्या कामासाठी शिल्लक राहिली असती, हा मुद्दा भक्तांच्या बाजूनं आहे आणि तो मी उडवून लावत नाही. पण 1965-66 चं दार व्हिएतनामनं बंद केलं नाही, शेजारच्या घराच्या प्रश्नानं केलं.

लोक अजून एक म्हणतात की केनेडी जगला असता तर दक्षिण डेमोक्रॅटांच्या हातून गेली नसती. छे. 1964 ला गोल्डवॉटरनं दक्षिणेतली पाच राज्यं घेतली, त्यात जॉर्जिया, जिनं आयुष्यात कधी रिपब्लिकनाला मत दिलं नव्हतं. आणि ही घेतली ती जॉन्सनकडून, जो टेक्सासचा, त्यांच्याच बोलीत बोलणारा. बॉस्टनच्या कॅथलिक केनेडीपुढे अजून दोन-तीन गेली असती. तो डलासला गेलाच होता कशाला, टेक्सासमधल्या डेमोक्रॅटांची आपापसातली भांडणं मिटवून पुढच्या वर्षीची तयारी करायला.

याच्या उलट प्रकारही अमेरिकेत शंभर वर्षं आधी होऊन गेला होता. लिंकनला मारलं तेव्हा त्याच्या जागी आलेलापण जॉन्सनच, अँड्र्यू, टेनेसीचा, आणि त्यानं 1866 चा सिव्हिल राइट्सचा कायदा व्हेटो केला, काँग्रेसला तो व्हेटो मोडून कायदा करावा लागला. तिथे जर-तरचं उत्तर सोपं आहे, लिंकन जगला असता तर बरं झालं असतं. केनेडीच्या बाबतीत ते सोपं नाही, कारण त्याच्या जागी आलेला दक्षिणी माणूस त्याच्यापेक्षा पुढे गेला.

आता आपल्या लोकांचा यात संबंध येतो तो एका तिसऱ्याच कायद्यातून. अमेरिकेत स्थायिक व्हायला तेव्हा देशवार कोटा होता आणि भारतासाठी वर्षाला फक्त 100 जणांचा, तोपण 1946 च्या कायद्यानं मिळालेला, जो आणणाऱ्यांत हाच इमॅन्युएल सेलर होता. केनेडीनं जुलै 1963 मध्ये हा कोटा काढायचं बिल पाठवलं होतं, तेही पडून राहिलं. जॉन्सनच्या 1965 च्या काँग्रेसमध्ये सेलरनं हाउसमधून आणि केनेडीचा धाकटा भाऊ टेड यानं सिनेटमधून ते पास करून घेतलं, 3 ऑक्टोबरला स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या पायथ्याशी सही झाली. पुण्या-मुंबईचे डॉक्टर-इंजिनियर त्यानंतर तिकडे जाऊ शकले, न्यू जर्सीतली मंडळी गणपती बसवतात ती याच कायद्यामुळं. आता वरचं कॅलेंडर यालाही लावा. 1965 चा उन्हाळा जर सिनेटनं फिलिबस्टरमध्ये घालवला असता तर हे बिल रांगेत मागे गेलं असतं, आणि 1966 च्या त्या हवेत बाहेरून आशियाई लोक आणायचा कायदा काँग्रेसनं पास केला असता असं मानायला मी तरी तयार नाही.